मागचं उजवं दार

उज्ज्वला गेली हे मला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कळलं. ती कदाचित वाचली असती हे बारा पंचवीसला कळलं. आणि त्यात माझा हात होता हे कळायला एक वाजला.

डॉक्टर शेट्यांनी मला त्यांच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. पाणी दिलं. मग उज्ज्वलाच्या मेंदूचा फोटो पडद्यावर लावला. त्यात एक मोठा डाग होता. "हा आजचा," ते म्हणाले. मग पेनाचं टोक बाजूच्या एका लहान ठिपक्यावर ठेवलं. "हा आजचा नाही. पाच-सहा दिवसांपूर्वीचा आहे. मोठा झटका यायच्या आधी कधी कधी असा लहान येऊन जातो. तीन-चार सेकंद माणसाचं भान जातं, हात जागच्या जागी थांबतो, मग सगळं पहिल्यासारखं होतं. त्याचं त्यालाही कळत नाही."

"आणि कळलं तर?"

"तर गोळ्या सुरू करता येतात. दहातल्या सहा-सात जणांचा पुढचा झटका टळतो." मग त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात असं काही झालं होतं का? हातातून भांडं पडलं, बोलता बोलता अडखळल्या, गाडी कुठे लागली?"

"नाही," मी म्हणालो. मी खोटं बोललो नाही. त्या क्षणी मला आठवलंच नाही.

तिचं ओळखपत्र गाडीत राहिलं होतं. कागदपत्रांसाठी ते हवं होतं म्हणून मी खाली पार्किंगमध्ये गेलो. खांबावर पिवळी पाटी होती. 'किरकोळ धडक झाली तर.' ही पाटी आता प्रत्येक पार्किंगमध्ये असते, त्यामुळे कोणी वाचत नाही. मी वाचली. पहिलीच ओळ होती : गाडीला हात लावू नका.

मी आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या मडगार्डवर हात ठेवला. पत्रा एकदम सरळ होता. मी काढलेला पोचा मलासुद्धा सापडत नव्हता.

*

मी डेंटर आहे. माझे वडील तांब्यापितळेच्या भांड्यांचे पोचे काढायचे, मी गाड्यांचे काढतो. सांगली-मिरज रस्त्यावर माझी शेड आहे. मागून लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हातोडीनं पत्रा हळूहळू परत जागेवर आणायचा. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण पत्रा मला कळतो. डोळे मिटून तळहात फिरवला की कुठे किती दबलंय ते कळतं.

गाड्या बदलल्या तसं कामही बदललं. आता मोठ्या रस्त्यावर गाडी स्वतःची स्वतः चालते. तिथे धडका जवळजवळ होत नाहीत. पार्किंगमध्ये मात्र सगळ्या बाजूंनी खांब आणि गाड्या असतात, गाडी सारखी घाबरून थांबते, म्हणून लोक वैतागून ती मदत बंद करतात आणि हातानं लावतात. त्यामुळे आता जे काही ठोकाठोकीचं काम येतं, ते पार्किंगमधूनच येतं.

सहा वर्षांपूर्वी लेपाचा नियम आला. नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांच्या रंगाखाली एक पातळ लेप असावा लागतो. त्यात बारीक स्फटिक असतात. स्फटिकावर दाब आला की त्यात थोडीशी वीज तयार होते, हे जुनंच शास्त्र आहे, गॅसच्या लायटरमध्ये तेच असतं. लेपाची गंमत अशी की दाब जोरात असेल तर ते स्फटिक वळतात आणि वळलेलेच राहतात. कागदाला घडी पडावी तशी घडी पडते. धक्का किती जोराचा, कुठून कुठे गेला, किती वेळ टिकला, मध्ये ब्रेक लागला का, सगळं त्या घडीत राहतं. गाडीच्या संगणकातली नोंद बदलता येते असा लोकांना संशय होता. लेपातली बदलता येत नाही. फक्त पत्रा पुन्हा ठोकला किंवा तापवला की घडी मोडते आणि नोंद जाते.

सुरुवातीला हे फक्त विम्याची भांडणं मिटवायला होतं. मग नोंदी वाचणाऱ्या केंद्रातल्या लोकांच्या वेगळंच लक्षात आलं. गाडी चालवणारा माणूस स्टिअरिंग कधीच स्थिर धरत नाही. सेकंदाला चार-पाच वेळा तो किंचित इकडे, किंचित तिकडे करत असतो, त्याला पत्ताही नसतो. घासताना ती थरथर पत्र्यावर उमटते. पण काही घासण्यांमध्ये ती नव्हती. दोन सेकंद, चार सेकंद नुसती सरळ रेघ. त्या लोकांना बोलावून तपासलं, तेव्हा कोणी झोपेत होता, कोणाची साखर उतरली होती, आणि काहींना लहान झटका येऊन गेला होता. तेव्हापासून नियम झाला. कितीही किरकोळ धडक असो, तीन दिवसांत दोन्ही गाड्यांची नोंद केंद्राकडे जायची. दोन्ही जुळल्याशिवाय केंद्र वाचत नाही, कारण एका बाजूवरून कोण हललं ते ठरवता येत नाही. एकच नोंद असेल तर ते दोन्ही मालकांनी मिळून सांगावं लागतं. रेघ सरळ आली तर चालवणाऱ्याला निरोप येतो : डॉक्टरांना दाखवा.

आमच्या शेडमध्ये हे नोंदींचं काम उज्ज्वलाचं होतं. वाचायचं यंत्र दिसायला इस्त्रीसारखं असतं आणि तसंच फिरवायचं असतं, म्हणून आम्ही त्याला इस्त्रीच म्हणायचो. गिऱ्हाइकाची गाडी आली की आधी तिची इस्त्री, मग माझी हातोडी. सहा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. कधी घाईत मी हातोडी उचललीच, तर ती नुसती माझ्याकडे बघायची आणि मी खाली ठेवायचो.

एकदाच चुकला.

*

रविवार होता. शेड बंद होती, मी अंगणात बसलो होतो. उज्ज्वला मंडईमागच्या दुमजली पार्किंगमधून गाडी घेऊन आली. हातात पिशवी, पिशवीत पडवळ.

"तुमच्या हातोडीला काम आणलंय," ती म्हणाली.

मी उठून बघितलं. डावं मडगार्ड वीतभर चेपलं होतं.

"कुणाला ठोकलंस?"

"उभ्या गाडीला घासली. चिठ्ठी लावून आलेय." पिशवी पायरीवर ठेवून ती पुढे म्हणाली, "अहो, कधी लागली ते मला कळलंच नाही. आवाज आला तेव्हा कळलं."

"फोनवर कुणाशी बोलत असशील."

"फोन पर्समध्ये होता."

"मग पडवळाशी बोलत असशील."

ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. पत्रा समोर चेपलेला दिसला की मला हात बांधून बसता येत नाही. घरात वाटी चेपली तरी मी ती जेवता जेवता सरळ करतो. मी हातोडी आणि ठोकळा आणला, चाकाच्या आतून हात घातला. दहा मिनिटांचं काम होतं.

ती चहा घेऊन आली तेव्हा शेवटचे दोन-तीन ठोके राहिले होते.

"अहो," ती म्हणाली, "इस्त्री फिरवायची होती ना."

"आपल्याच गाडीची काय इस्त्री? तुझ्यावर मी दावा लावणार आहे का?"

"समोरच्या गाडीला लागेल ना नोंद."

"ते आले तर बघू."

तिनं कप हातात दिला. जरा रागावली होती, पण फार नाही. "एवढं चांगलं काढलंत, की आता मी ठोकली होती हे कुणाला खरंही वाटणार नाही," ती म्हणाली. मला ते कौतुक वाटलं. मी चहा प्यालो.

*

हे सगळं मी कुणालाच सांगितलं नाही. आमची मुलगी केतकी पुण्याहून आली, तेरा दिवस राहिली, माणसं आली गेली. डॉक्टरांनी तिलाही जुन्या ठिपक्याचं सांगितलं होतं. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बाबा, आईला काहीतरी झालं असणार. आपल्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हणालो, "नाही आलं." तिनं पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मला तरी काय माहीत होतं? गाडी घासली होती. माणसं शुद्धीत असतानाही घासतात. मडगार्डमध्ये काय लिहिलं होतं हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, कारण ते मीच पुसलं होतं. दिवसा मला वाटायचं, साधी घासणी असेल. पण ती म्हणाली होती, कळलंच नाही. तिचं ते वाक्य मी ऐकलं होतं आणि वर पडवळाचा विनोद केला होता.

चौदाव्या दिवशी केतकी म्हणाली, आईच्या फोनमधले फोटो मला पाठवा. केतकी पुण्याला परतल्यावर मी तो फोन चार्ज करून चालू केला. उचलायचे राहिलेले सात फोन होते, सगळे एकाच नावाचे. 'नदाफबाई पार्किंग'.

मी लावला. मी हॅलो म्हणायच्या आधीच पलीकडून बोलणं सुरू झालं.

"धामणकरताई, तुम्ही मला फसवलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही चिठ्ठी लावली, स्वतःहून चूक कबूल केलीत, मी वर्गात मुलांना तुमचं उदाहरण दिलं. पण एकवीस दिवस झाले. विमावाले म्हणतात, समोरच्या गाडीची नोंद आणा. तुम्ही म्हणालात, आमचे मिस्टर दार करून देतील. मग फोन का बंद ठेवलात?"

"बाई," मी म्हणालो, "मी तिचा नवरा बोलतोय. ती गेली."

त्यांना नीट समजलं नसावं. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"मेंदूचा झटका आला. पंधरा दिवस झाले."

त्या म्हणाल्या, "मी रागानं केले हो ते सात फोन."

"दार मी करून देतो," मी म्हणालो. "कुठलं आहे?"

"मागचं उजवं. पण राहू दे आता."

"दाराला अजून कुणी हात लावलाय?"

"नाही. पाटीवर लिहिलंय ना, लावू नका म्हणून."

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिलो. धडक झाली की नोंद दोन्ही गाड्यांवर उमटते. एक बाजू मी पुसली होती. दुसरी बाजू गावात फिरत होती.

*

शबाना नदाफ मिरजेला वैरण बाजाराच्या अलीकडे राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय चाळीसच्या पुढे, चष्मा डोक्यावर. त्यांनी मला आधी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती मुलांच्या वह्यांत जपून ठेवली होती. 'तुमच्या गाडीला माझी गाडी लागली आहे. चूक माझी. कृपया फोन करा. उज्ज्वला धामणकर.' खाली नंबर. अक्षर नेहमीचंच होतं, शेडच्या वहीत असतं तसं.

"ठेवा तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"विम्याला लागेल तुम्हाला."

"मी फोटो काढलाय. ठेवा."

गाडी अंगणात होती. पांढरी. मागच्या उजव्या दारावर हातभर लांब घासणी, शेवटी पोचा. दार आतूनही उघडत नव्हतं, बाहेरूनही. गाडीशेजारी खुर्ची टाकून त्यांचे वडील बसले होते. हमीदचाचा. ऐंशीच्या घरातले, चालायला काठी. बत्तीस वर्षं एसटी चालवली होती.

"ये मिस्त्री," ते म्हणाले. "हे माझं दार. मी कायम इथनं चढतो. आता डावीकडनं चढून सीटवरनं सरकत सरकत इकडे येतो, नव्या नवरीसारखा."

"अब्बा, तिकडेच बसत जा की मग," बाई म्हणाल्या.

"ड्रायव्हरच्या मागं बसल्याशिवाय मला चैन पडत नाही. तू कशी चालवतीस त्याच्यावर लक्ष नको?"

मी वाकलो आणि दारावर हात ठेवला. डोळे मिटले. तळहात पुढून मागे नेला. घासणी सुरू झाली तिथपासून पोच्यापर्यंत हाताला एकही धक्का लागला नाही. दाब सगळीकडे सारखा. घाबरून कुणी ब्रेक दाबला की पत्र्यावर एक लाट उठते. कुणी स्टिअरिंग झटकलं की रेघ तुटते. ही रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी होती.

"अशी घासणी मी पाहिलीय," चाचा म्हणाले. "विट्याच्या डेपोचा एक ड्रायव्हर होता, झोपेत भिंतीला घासत गेला चाळीस फूट. अश्शीच. कुठं वेडीवाकडी नाही." मग मुलीला म्हणाले, "ती बाई जागी नव्हती बघ."

"अब्बा."

"काय?"

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते खाली मान घालून बसले.

"त्यांचं बरोबर आहे," मी म्हणालो. आणि पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. रविवार, मडगार्ड, चहा, इस्त्री. सांगायला फार वेळ लागला नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्ही यंत्र आणलंय?"

"पिशवीत आहे."

"वाचायचंय तुम्हाला?"

"हातानं कळलंच आहे."

"हातानं कळणं वेगळं." त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "हे बघा, मला दाराची घाई नाही. विम्याचं जाऊ द्या. तुम्ही हे नुसतं ठोकून सरळ केलंत, तर तुम्हाला आयुष्यभर वाटेल की कदाचित नसेलही. ते बरं असेल तर तसं करा. मी कुणाला सांगणार नाही. अब्बाही नाही सांगणार."

"मी कुणाला सांगू?" चाचा म्हणाले.

मी विचार केला. बाई म्हणत होत्या ती वाट माझ्यापुढे मोकळी होती. हातोडीही पिशवीत होती. पुन्हा दहा मिनिटांचं काम. मग दोन्ही बाजू साफ, आणि मला केतकीला काहीच सांगायला नको. पण शेडच्या नोंदवहीत एक नोंद कोरी राहिली असती. सहा वर्षांत उज्ज्वलानं एकही कोरी ठेवली नव्हती.

इस्त्रीला तिनं जुन्या ब्लाउजच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. ते मी काढलं. यंत्र मी कधी चालवलं नव्हतं, पण तिला हजारदा बघितलं होतं. पत्रा कोरड्या फडक्यानं पुसायचा, खालून वर जायचं, घाई करायची नाही. ती इस्त्री फिरवताना श्वास रोखायची. मीही रोखला.

पडद्यावर रेघ आली. डावीकडे थोडी थरथरत होती. मग सरळ झाली, आणि सरळच राहिली. अगदी शेवटी एकदम मोठी उसळी. तिथे ती भानावर आली होती आणि ब्रेक दाबला होता. खाली अक्षरं आली : चालकाचा प्रतिसाद नाही, ३.८ सेकंद. समोरच्या वाहनाची नोंद उपलब्ध नाही.

त्याखाली एक प्रश्न होता. समोरचं वाहन उभं होतं की चालू, दोन्ही मालकांच्या संमतीनं नोंदवा. बाईंनी आपला अंगठा लावला. वारस म्हणून मी माझा लावला. मग 'पाठवा' होतं. ते मी दाबलं.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"झालं."

"चहा टाक गं," ते मुलीला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "बत्तीस वर्षं गाडी चालवली मी. दोन वेळा माझाही डोळा लागला होता. दोन्ही वेळा समोर काही नव्हतं, एवढंच."

*

घरी आलो तेव्हा सहा वाजले होते. उज्ज्वलाचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. त्यावर निरोप येऊन पडला होता.

'उज्ज्वला धामणकर, आपल्या वाहनाच्या धडकेची नोंद उशिरा प्राप्त झाली आहे. आपण चोवीस तासांच्या आत जवळच्या डॉक्टरांना भेटावे. तोपर्यंत वाहन चालवू नये. घरातील व्यक्तीला सोबत न्यावे.'

मी तो दोनदा वाचला. भाषा सरकारी होती, पण चांगली होती. हा निरोप त्या सोमवारी किंवा मंगळवारी आला असता. तिनं मला वाचून दाखवला असता. मी काहीतरी विनोद केला असता, आणि तिनं मला बळंच सोबत नेलं असतं.

मी केतकीला फोन लावला. बाईंना सांगितलं तसंच सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. माझं संपलं तेव्हा मागे तिच्या घरातला कुकर वाजला, तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"डॉक्टर काय म्हणाले होते," तिनं विचारलं, "किती जणांचा टळतो?"

"दहातल्या सहा-सात जणांचा."

"म्हणजे तीन-चार जणांचा टळत नाही."

"हो."

"आई त्यातली असेल."

"ते माहीत नाही, केतकी. ते कुठल्याच पत्र्यावर लिहिलेलं नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चार दिवस तिचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला. "जेवलात का?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. आता रोज येतो. त्या विषयावर ती बोलत नाही. कधी तरी बोलेल, आणि तेव्हा ती काय म्हणेल ते ऐकायची माझी तयारी आहे.

सांगली-मिरजेतल्या डेंटर लोकांची महिन्यातून एकदा बैठक असते. या वेळी मी तिथे उभा राहिलो आणि हे सांगितलं. नाव घेऊन, तारखेसकट. बहुतेकांनी खाली बघितलं. आपल्या, भावाच्या, मेहुण्याच्या गाडीला आम्ही कोणीच इस्त्री फिरवत नाही. गिऱ्हाइकाची फिरवतो, कारण तिथे कायदा असतो. घरच्या गाडीवर नुसती हातोडी चालते. बैठक संपल्यावर एक जण म्हणाला, "रंगादा, परवा मुलाची स्कूटर ठोकून सरळ केली मी, न वाचता." मी म्हणालो, "मुलाला घेऊन जा डॉक्टरकडे." तो गेला. काही निघालं नाही. पण गेला.

*

नदाफबाईंचं विम्याचं काम झालं. केंद्रानं नोंद पुरी धरली. वहीत त्या रविवारच्या तारखेखाली मी स्वतः लिहिलं : वाचली, पाठवली. माझं अक्षर तिच्या अक्षरापुढे वाईट दिसतं.

दार मी काढून शेडवर आणलं. हमीदचाचांची अडचण नको म्हणून भंगारातून त्याच मापाचं दार शोधून तात्पुरतं बसवून दिलं. ते लाल मिळालं. पांढऱ्या गाडीला लाल दार. शाळेतली मुलं बाईंना हसतात म्हणे. चाचा खूश आहेत. ते म्हणतात, एसटीचा रंग आहे, राहू दे.

"खरं सांगा, किती दिवस लागतील?" परवा बाईंनी फोनवर विचारलं.

"काम दहा मिनिटांचं आहे," मी म्हणालो.

"मग सावकाश करा," त्या म्हणाल्या.

दार शेडच्या भिंतीला टेकून उभं आहे. रोज सकाळी शटर उघडलं की आधी तेच दिसतं. नोंद केंद्रात आहे, यंत्रात आहे, वहीत आहे. ठोकलं तर हरवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला समजतं. दोनदा मी मागून ठोकळा धरला, हातोडी उचलली. मग डोळे मिटून एकदा तळहात फिरवला आणि हातोडी खाली ठेवली. उज्ज्वलानं बाईंना शब्द दिला होता की आमचे मिस्टर करून देतील. आज अडतीस दिवस झाले. पोचा अजून काढलेला नाही.